आमच्या घरची रेड

शनिवारी सकाळी मी दाढी करत असताना आतल्या खोलीतून 'टीं' असा आवाज आला. दोन सेकंद शांतता आणि पुन्हा 'टीं'. आमच्या गुणाचं, म्हणजे बायकोचं, मत पडलं की खिडकीत कुठलातरी पक्षी अडकलाय. मी अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून आत गेलो, तर आवाज कॉम्प्युटरमधून येत होता.

कॉम्प्युटर म्हणजे हल्ली लोक मांडीवर घेऊन बसतात तसला नव्हे. आमचा गुडघ्याच्या वरपर्यंत येतो आणि उचलायला दोन माणसं लागतात. मी ज्या ट्रेनिंग संस्थेत ऑफिस सुपरिंटेंडेंट होतो, तिथल्या लिलावात तो घेतला. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण माझ्या पेन्शनचे कागद अजून तिथूनच हलतात. त्याच्या पोटात चार हार्ड डिस्क आहेत आणि त्या चौघींवर नजर ठेवणारं एक कार्ड आहे. त्याला रेड कार्ड म्हणतात. चौघांनी मिळून बाज उचलावी तसा सगळा माल या चार डिस्क उचलून धरतात. एकीने हात सोडला तरी तिघी बाज पडू देत नाहीत. दुसरीनेही सोडला, की बाज, अंथरूण आणि वरचा माणूस सगळं खाली. म्हणून पहिलीने हात सोडताच कार्ड ओरडायला लागतं आणि तिच्या जागी नवी डिस्क मिळेपर्यंत ओरडत राहतं. त्याला गप्प करायची सोय होती, पण तिला पासवर्ड होता आणि तो ज्याला ठाऊक होता त्याची गुलबर्ग्याला बदली झालेली.

आता बाजेवरचा माणूस कोण ते सांगतो. माझे सासरे जोतिबामामा इथेच शहापुरात मागावर साड्या विणायचे. नुसते विणायचे नाहीत, नक्षीही स्वतः काढायचे. ग्राफच्या कागदावर पेन्सिलीने एकेक चौकट भरत बसायचे. ते गेले तेव्हा मागे एकवीसशे कागद निघाले. मी तीन वर्षं बसून ते सगळे स्कॅन केले. एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण माळ्यावर जागा नव्हती, कागदांना वाळवी लागायला सुरुवात झाली होती, आणि नव्या ज्ञानाने मी थोडा फुगलो होतो. मी गुणाला समोर बसवून चार डिस्कचं तत्त्व समजावलं, बाजेचा दाखला दिला आणि म्हणालो की आता हे कागद जपणं म्हणजे अडाणीपणा. तिने वरचा एक कागद हाताने पुसून पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला. मग म्हणाली, "तुमाला कळतंय तर करा." कागद मी स्वतःच्या हाताने रद्दीवाल्याच्या गाड्यावर चढवले.

आणि आता पुढच्या रविवारी गुणाच्या भावाची मुलगी सौम्या बेंगळुराहून यायची होती. ती कापडावरच्या डिझाइनचं शिकलेली. आजोबांच्या नक्ष्या पुन्हा मागावर चढवायच्या असं तिने ठरवलं होतं, दोन विणकरांशी बोलूनही ठेवलं होतं. म्हणजे माझ्याकडे आठ दिवस होते.

आवाज कसला, असं गुणाने विचारलं. मी म्हणालो, "अपडेट चाललंय." लग्नाच्या तेहतीस वर्षांत मी तिच्याशी फारसं खोटं बोललेलो नाही, त्यामुळे तिचा विश्वास बसला.

घरात रेंज येत नाही म्हणून मी अंगणात उभा राहून एका दुकानदाराला फोन लावला. तिकडे गोंगाट असावा, कारण मला प्रत्येक गोष्ट दोनदा आणि मोठ्याने सांगावी लागली. होय, रेडच. सकाळपासून. घरातच. मी कशाला हात लावलेला नाही, सगळं आहे तसं ठेवलंय. कंपाउंडच्या पलीकडे महादेवअण्णा झाडांना पाणी घालत होते. हे बस डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीतली कुठलीही बातमी वेळेवर सोडण्याची त्यांना अजून सवय आहे. त्यांच्या हातातलं पाणी थांबलं, एवढं मी पाहिलं.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं की एम. बी. किणयेकरांच्या घरी इन्कम टॅक्सची धाड पडलीय आणि साहेब लोक आत मशीन लावून बसलेत. मशीनचा आवाज रस्त्यावरही ऐकू येत होता, त्यामुळे पुराव्याला काही कमी नव्हतं. समोरच्या रुक्माबाई डबा घेऊन आल्या, की आज तुमच्याकडे चूल पेटली नसेल. कोपऱ्यावरचा किराणावाला, जो मला कधी मान वर करून बघत नाही, तो उठून उभा राहिला. खरं म्हणजे मी तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. पण एकतीस वर्षांच्या नोकरीत, माझ्याकडे धाड घालण्याजोगं काही असेल असा संशय माझ्यावर कोणीही घेतला नव्हता. मी किराणावाल्याला म्हणालो, "चालायचंच." आणि साखर घेऊन गंभीर चेहऱ्याने घरी आलो.

घरी गुणा उंबऱ्यात उभी होती. चार बायका तिचं सांत्वन करून गेल्या होत्या. अपडेट आणि धाड यांचा मेळ तिला बसत नव्हता. मला सगळं सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने रुक्माबाईंचा डबा उघडला, त्यातला भात माझ्या ताटात वाढला आणि म्हणाली, "माज्या बाबांच्या कागदांचं काय झालं, ते रविवारी सौम्याला तुमीच सांगा. मी न्हाय सांगनार." त्यानंतर सहा दिवस ती माझ्याशी फक्त जेवणाच्या वेळी, आणि तेही भाजीपुरतं बोलली.

सोमवारी मी दुकानातून पाचशे जीबीची नवी डिस्क आणली. जुन्या चारही पाचशेच्याच होत्या. मी ती बसवली, हात जोडले, बटण दाबलं. कार्डाने डिस्क तपासली आणि स्क्रीनवर लिहिलं की ही लहान आहे, चालणार नाही. पाचशेला पाचशे लहान कशी, हे मला कळेना. दुकानदार म्हणाला की कंपनी वेगळी असली की इकडेतिकडे एखादा केस कमी भरते, आणि जुनी कार्डं केसासाठीही अडतात. मी नोकरीत असताना अर्जावर तारीख अर्धा इंच खाली पडली म्हणून लोकांना परत पाठवत असे. त्या कार्डाबद्दल मला त्या दिवशी प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

एव्हाना महादेवअण्णांना आपण काय केलं ते कळलं होतं आणि त्याची भरपाई म्हणून ते सल्ले द्यायला लागले होते. डिस्क तांदळात पुरून ठेवावी, त्यांच्या पुतण्याचा मोबाईल असाच बरा झाला. मग उन्हात ठेवावी. मग मशीनचं तोंड पूर्वेला करावं. शेवटी त्यांनी एक कामाची गोष्ट काढली. तुमच्या संस्थेच्या स्टोअररूममध्ये असलेच आणखी तीन कॉम्प्युटर धूळ खात पडलेत ना, मग त्यातल्या डिस्क मागा की.

मागायच्या तर अर्ज हवा, आणि इकडे सरकारी संस्थेत अर्ज कन्नडमध्येच चालतो. माझं बोलायचं कन्नड चांगलं आहे, लिहायचं बेताचं. अण्णांचं अक्षर मात्र डेपोत नावाजलेलं. त्यांनी चष्मा पुसला, दोन पानं भरली. इंग्रजी शब्द घातले तर साहेब लोक अर्ज बाजूला टाकतात असा त्यांचा अनुभव, म्हणून त्यांनी सगळं शुद्ध कन्नडमध्ये आणलं. मी नोकरीभर सही करत आलो तशीच, म्हणजे न वाचता, सही केली.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. सरकारी उत्तर तिसऱ्या दिवशी येतं याचीच मला भीती वाटली. मी स्वतः एकतीस वर्षांत कोणालाही तिसऱ्या दिवशी उत्तर पाठवलेलं नाही. त्यात लिहिलं होतं की स्टीलची ताटं फक्त वसतिगृहात राहणाऱ्या प्रशिक्षणार्थींना देता येतात, निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी तशी तरतूद नाही. शिवाय सेवेत असताना घेतलेली ताटं जमा केल्याचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा.

मी अर्जाची प्रत काढून पहिल्यांदा वाचली. अण्णांनी डिस्कची केली होती तबकडी, तबकडीचं कन्नडात केलं होतं 'तट्टे', आणि हार्डचं 'गट्टी'. सेवेची एकतीस वर्षं निष्कलंक पार पाडलेल्या माणसाने निवृत्तीनंतर चार गट्टी तट्टे, म्हणजे चार टणक ताटं मागितली होती आणि त्यांच्यावाचून आपलं घर उद्ध्वस्त होईल असंही लिहिलं होतं. माझ्या जागेवर आता जो सुपरिंटेंडेंट बसतो त्याला मीच कामाला लावलं होतं. त्याने तो अर्ज वाचताना कोणकोणाला बोलावून दाखवला असेल, याचा विचार मी अजूनही करत नाही.

गुरुवारी मी पुन्हा दुकानात गेलो आणि या वेळी दुप्पट मोठी, एक टीबीची डिस्क घेतली. लहान म्हणायला आता जागाच नव्हती. कार्डाने तिला लहान म्हटलंच नाही. त्याला ती दिसलीच नाही. मी तीनदा काढून घातली, पण त्याच्या लेखी ती जागा रिकामीच. फोन केला तर दुकानदार हसून म्हणाला, "सर, जग टीबीत गेलं, तुमी अजून एम. बी.च ऱ्हायलासा." माझं नाव मष्णू भरमू आहे यात माझा काही दोष नाही. पण मग त्यानेच पत्ता दिला. निपाणीला भीमरत्न सर म्हणून आहेत, पॉलिटेक्निकात शिकवतात, जुनी मशीनं जगवायचा त्यांना नाद आहे. त्यांना फोन लावला तर त्यांनी फक्त तीन प्रश्न विचारले आणि सांगितलं, उद्या सकाळी सगळं मशीनच घेऊन या, वाटेत धक्का लागू देऊ नका, आणि तोवर ते चालू करू नका.

धक्का लागू नये म्हणून मी कॉम्प्युटरला गादीवरची वाकळ गुंडाळली आणि सुतळीने बांधलं. महादेवअण्णांनी डेपोतली ओळख वापरून शुक्रवारी सकाळच्या बसमध्ये खिडकीची जागा धरली. कॉम्प्युटर खिडकीशी बसला, मी कडेला. लाल काठाच्या वाकळीत तो ताठ बसलेला दिसत होता. संकेश्वरला एक म्हातारी चढली. तिने त्याच्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. मग मला हळूच विचारलं, "कुटला द्येव ओ?"

खरं सांगायचं तर रेड कार्डापासून सुरुवात करावी लागली असती आणि तिला पुढच्याच फाट्यावर उतरायचं होतं. मी म्हणालो, "शहापूरचा." ते खोटं नव्हतं. तिने केसातला अबोलीचा गजरा काढून वाकळीच्या टोकाला खोवला. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी यात्रा कधी असते ते विचारलं. कंडक्टरनेही सामानाचं तिकीट फाडलं नाही. तो फक्त म्हणाला की देवाला जरा उन्हातून आत सरकवा. निपाणी येईपर्यंत माझ्या शेजाऱ्याला तीन गजरे आणि एक नारळ मिळाला होता. गेल्या सहा दिवसांत आम्हा दोघांना मिळून एवढा मान कोणी दिला नव्हता.

भीमरत्न चाळिशीचे, सडपातळ गृहस्थ. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली पुस्तकं, आणि उरलेल्या जागेत उघडी पडलेली कॉम्प्युटरं. त्यांनी माझ्याबरोबर ओझं आत घेतलं, वाकळ सोडताना गजरे पाहिले, नारळ पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी बसची हकीकत सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गजरे आपल्या आईकडे दिले, नारळही दिला आणि म्हणाले, "सर, आता आपन उपचाराकडं वळू."

त्यांनी आधी कार्डाला गप्प केलं. ज्या पासवर्डसाठी मी गुलबर्ग्याला अकरा फोन केले होते, तो चार शून्य होता. मग त्यांनी टीबीची डिस्क उलटीसुलटी पाहिली. तिला काही झालेलं नाही, म्हणाले. कार्ड जुन्या काळातलं आहे, त्याचं बोलणं सावकाश. डिस्क आजची, ती इतकी भरभर बोलते की त्याला काही कळत नाही, म्हणून ते समजतं की समोर कोणी नाहीच. त्यांनी खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डबीतून ज्वारीच्या दाण्याएवढी एक काळी प्लास्टिकची टोपी काढली आणि डिस्कच्या मागच्या दोन सुयांवर बसवली. "आता ही हळू बोलंल," ते म्हणाले.

बटण दाबलं. कार्डाला डिस्क दिसली. स्क्रीनवर एक टक्का आला. तिघींनी मिळून चौथीला सगळं पुन्हा शिकवायचं, याला सात तास लागणार होते. तोवर हात लावायचा नाही, असं बजावून भीमरत्न तास घ्यायला निघून गेले.

मी आणि त्यांच्या आई, कोंडाबाई, मशीनसमोर बसलो. कोंडाबाईंनी तरुणपणी तंबाखूच्या वखारीत काम केलेलं. तिथे वजनकाट्यावर डोळा ठेवायची सवय होती, तसा त्यांनी टक्क्यांवर ठेवला. अधूनमधून त्या मला आकडा सांगत होत्या. चहा झाला, जेवण झालं. या पेटीत आहे तरी काय, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, जोतिबामामांपासून रद्दीच्या गाड्यापर्यंत. त्यांनी ऐकून एवढंच विचारलं, "पर कागुद कशाला टाकलासा?"

जागा नव्हती, वाळवी लागली होती, ही उत्तरं माझ्याकडे तयार होती. पण त्या घरात चार मोठी कपाटं पुस्तकांची होती आणि राहणारी माणसं दोनच. मी म्हणालो, "चुकलं माझं." हे वाक्य मी आठवडाभर गुणासमोर म्हणायला हवं होतं. कोंडाबाईंनी मान हलवली आणि बासष्ट टक्के झाल्याचं सांगितलं.

त्याच वेळी लाईट गेली.

भीमरत्नांनी जोडून ठेवलेल्या बॅटरीवर मशीन चालू राहिलं, पण बॅटरी वीस मिनिटांची, आणि आता ती ओरडायला लागली. मध्येच बंद पडलं तर दुसरी डिस्कही हात सोडेल असं भीमरत्न सांगून गेले होते. त्यांचा फोन वर्गात बंद. मी लाईटच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी कन्नडमध्ये आर. आर. नंबर विचारला. आता दुसऱ्याच्या घरचा मीटर नंबर मला कुठून ठाऊक असणार? मी आधी आपली निकड सांगायला सुरुवात केली, सासरे, साड्या, चार डिस्क. त्यांनी थंडपणे पुन्हा आर. आर. नंबर विचारला. मीही नोकरीत अगदी त्याच आवाजात विचारत असे. कोंडाबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा न लावता, एकही आकडा न चुकता नंबर म्हणून दाखवला आणि खणखणीत कन्नडमध्ये विचारलं की माणूस कधी पाठवता. तेराव्या मिनिटाला लाईट आली. ती फोनमुळे आली की आपली आपण, ते मला ठाऊक नाही.

सहा वाजता शंभर टक्के झाले. भीमरत्न परतले होते. त्यांनी एक फाईल उघडली. पडद्यावर कोयऱ्यांची एक ओळ आली, चौकटीला चौकट. मी चष्मा काढून पुसला. भीमरत्न दुसरीकडे बघत म्हणाले, "सर, रेड म्हंजे दुसरी प्रत न्हवं. एकाच पेटीत चार डिस्क असल्या तरी पेटी एकच." त्यांनी मला तिथेच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्याच्या दोन प्रती करून दिल्या. एक त्यांच्याकडे ठेवली, एक मला दिली आणि दोन्ही एका गावात ठेवायच्या नाहीत असं बजावलं.

शनिवारी संध्याकाळी घरी पोचलो. गुणाने वाकळ सोडताना अबोलीच्या दोन वाळक्या पाकळ्या काढून बाजूला ठेवल्या. निपाणीत शिकलेलं वाक्य मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "चुकलं ते मला ठाऊकच हाय. चला जेवायला." पण त्या दिवशी ती भाजीखेरीजही दोन वाक्यं बोलली.

रविवारी सौम्या आली आणि बसली ती चार तास उठली नाही. एकेक नक्षी मोठी करून बघत होती. मग तिने आत्याला हाक मारली. कागदाच्या कडेला काहीतरी बारीक लिहिलंय, आजोबांचं अक्षर आहे का ते बघ, म्हणाली. मी एकवीसशे कागद स्कॅन केले होते. त्यातला एकही वाचला नव्हता.

गुणा पुढे वाकली आणि मोठ्याने वाचायला लागली. "बुधवार. जावई आले. दोन तास बोलले. चार ओळी चुकल्या." सौम्याने पुढचे कागद काढले. "जावई आले. पगारवाढ या विषयावर बोलले. पदर बिघडला." आणखी एक. "जावई बसलेत. उद्या करू." असे एकूण सदतीस कागद निघाले. गुणा आधी पदर तोंडाशी धरून हसली, मग खुर्ची धरून हसली, मग डोळे पुसत बाबा बाबा म्हणत बसली. तिला एवढं हसताना मी आमच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. मी उठून पाणी आणायला गेलो. मला तहान लागली नव्हती.

परत आलो तेव्हा सौम्या तो पहिलाच कागद बघत होती, चार ओळी चुकलेला. तिथे कोयऱ्या सरळ रांगेतून जरा सरकल्या होत्या आणि वारं लागल्यासारख्या एका बाजूला कलल्या होत्या. सौम्या म्हणाली, "आत्या, पहिली साडी हीच करायची. चुकलेल्या ओळींसकट."

ती साडी मार्चमध्ये मागावरून उतरली. गुणा ती नेसून लग्नांना जाते आणि बायका काठाला हात लावून विचारतात की ही कोयरी अशी कलती कुणी काढली. ती अभिमानाने वडिलांचं नाव सांगते. त्यातल्या चार ओळी माझ्या आहेत, हे मी शेजारी उभा राहून विचारणाऱ्यांना सांगतो. न विचारणाऱ्यांनाही सांगतो.